भांड्यावरचं नाव

गेल्या रविवारी आम्ही गटातल्या सात जणी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. मंगळवार पेठेत दर रविवारी आणि बुधवारी हा बाजार भरतो. जमिनीवर ताडपत्र्या, त्यांवर जुनी नाणी, कुलपं, कंदील, अडकित्ते, तांब्यापितळेची भांडी.

एका पितळी पातेल्याशी आम्ही थांबलो. काठावर ठिपक्याठिपक्यांनी एका बाईचं नाव कोरलेलं होतं. विकणाऱ्या दादांनी भाव सांगितला तो किलोवर. आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "सासूबाईंच्या हंड्यावर असंच नाव होतं गं. बहात्तरच्या दुष्काळात मोडीत गेला."

पूर्वी लग्नात माहेरची भांडी यायची, त्यांवर नाव घालून घेत. कार्याला भांडी घरोघरी फिरत, तेव्हा कोणाचं कोणतं ते नावावरून कळे. पण आपण दुसरं बघू. त्या काळी कित्येक बायकांना शाळा नव्हती. सातबाऱ्यावर सासऱ्याचं, नवऱ्याचं नाव. बाईचं नाव लिहिलेलं असे ते फक्त भांड्यावर! पुढे स्टील आलं. कल्हईची कटकट गेली, घासायला सोपं झालं. आपल्याला ते सोयीचंच होतं. पण पितळेबरोबर नावंही वजनावर गेली.

अशा घरगुती वस्तूंची किंमत दिनकर केळकरांनी ओळखली होती. त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगावचे दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. वारलेल्या लहानग्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. पुण्यात शुक्रवार पेठेत तो आजही बघायला मिळतो. राजांच्या तलवारी हा जसा इतिहास, तसाच आपल्या आज्यांची भांडी हाही इतिहासच.

ते पातेलं आम्ही घेतलं नाही, पण परतताना एसटीत एक ठरवलं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक जुनं भांडं आणायचं. त्यावर नाव कोणाचं, तिचं माहेर कुठलं, भांडं कोणी दिलं, हे गटाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायचं. अडचण आली तर भांडं विका, त्यात लाज नाही. पण आधी नाव उतरवून घ्या.

आणि हो, ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना आठचा उताराही काढून बघा. त्यावर तुमचं नाव आहे का? आमच्या सातांपैकी दोघींचंच निघालं. बाकीच्या पाच जणी आता अर्ज करणार आहोत.