मक्केतला कॉफीचा खटला

इस्लाममध्ये दारू हराम आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावरून एक समज सहज पक्का होतो की पेयांच्या बाबतीत या धर्माकडे एक ठरलेली यादी आहे आणि नवं काही समोर आलं की बंदी घालणं ही त्याची पहिली प्रतिक्रिया असते. जून १५११ मध्ये मक्केत कॉफीवर जो खटला चालला, तो वरवर पाहता याच समजाचा पुरावा वाटतो. कैरोच्या मामलुक सुलतानाने नेमलेला खाइर बेग तेव्हा मक्केचा मोहतसिब होता, म्हणजे बाजार आणि सार्वजनिक वर्तनावर देखरेख ठेवणारा अधिकारी. एका रात्री काबाच्या परिसरात कंदिलांच्या उजेडात काही माणसं जमून कसलंसं पेय एकमेकांना देत आहेत, असं त्याने पाहिलं. त्याने शहरातले उलेमा, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, बोलावले, वैद्यांची साक्ष काढली आणि बंदी जाहीर केली. कॉफी रस्त्यावर जाळण्यात आली. पण त्या सभेत नेमकं काय ठरलं हे नीट पाहिलं, तर चित्र उलटं दिसतं. बंदी घालणं इस्लामी धर्मशास्त्राला सोपं नव्हतं. ती सिद्ध करण्याचा भार बंदी मागणाऱ्यावर होता, आणि कॉफीच्या बाबतीत तो भार कुणालाच पेलला नाही.

यामागे आठशे वर्षांचा वाद होता. कुराणात मद्याविषयीची भूमिका टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. आधी त्यात लाभापेक्षा दोष मोठा आहे असं सांगितलं गेलं, मग नशेत नमाजाजवळ जाऊ नका असा आदेश आला आणि शेवटी पूर्ण मनाई झाली. मनाई ज्या पेयाची झाली त्याला ‘खम्र’ म्हटलं आहे. आता खम्र म्हणजे नेमकं काय? मदिनेत द्राक्षांची दारू थोडी, खजुराची जास्त. शिवाय खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं ‘नबीज’ हे रोजचं साधं पेय होतं. पैगंबरांसाठीही ते केलं जाई, आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवलेलं ते पीत नसत, असं हदीसमध्ये येतं. पहाटेची नीरा आणि उन्हं चढल्यावरची ताडी यांतला फरक ज्याला माहीत आहे, त्याला ही अडचण लगेच कळेल. पेय तेच, पण काळ आणि उष्णता त्याला दुसरंच काही बनवतात. दुध्या भोपळ्याच्या, डांबर फासलेल्या किंवा खजुराचं खोड पोखरून केलेल्या भांड्यांत नबीज करू नका, असा आदेश आधी दिला गेला आणि पुढे तो शिथिल झाला. अशा भांड्यांत पेय लवकर आंबतं आणि ते बाहेरून कळत नाही, हे त्यामागचं कारण बहुतेक भाष्यकार देतात.

इराकमधल्या कूफ्यात इमाम अबू हनीफा यांनी (मृत्यू ७६७) खम्रची व्याख्या अरुंद ठेवली. कच्चा द्राक्षरस आंबून झालेली दारू हीच खम्र, आणि तिचा थेंबही हराम. द्राक्षरस आटवून एक तृतीयांश उरला असेल, किंवा खजुराचं नबीज थोडं शिजवलेलं असेल, तर नशा येणार नाही इतपत पिण्याला त्यांची हरकत नव्हती. मालिकी, शाफई आणि हनबली पंथांनी हे मानलं नाही. जे नशा आणतं ते सगळं खम्र, आणि ज्याचं पुष्कळ प्रमाण नशा आणतं त्याचं थोडंही निषिद्ध, ही त्यांची भूमिका होती. अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद अश-शैबानी याच बाजूला झुकले आणि पुढचे हनफी मुफ्ती त्यांच्यामागे गेले. इथे कुणी म्हणेल की मग सैल मत हरलं आणि बंदीच वाढली. हे खरं आहे. पण ती वाढताना ठरलेल्या नावांच्या यादीऐवजी एक कसोटी पुढे आली: हे पेय माणसाचं भान हरवतं का? माझ्या मते इथली सगळ्यात महत्त्वाची घडामोड हीच. कसोटी एकदा मान्य केली की ती बंदीच्या बाजूने जशी लागते, तशी परवानगीच्या बाजूनेही लागते.

पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये, म्हणजे ईश्वराच्या नामस्मरणात, झोप येऊ नये म्हणून कॉफी पिऊ लागले, आणि तिथून ती मक्केत आणि कैरोत अल-अझहरच्या येमेनी विद्यार्थ्यांमध्ये पोचली, तेव्हा हीच कसोटी तिला लागली. मक्केच्या सभेत उलेमांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. रात्री जमून, प्याले फिरवत, मद्यप्यांच्या रीतीने बसणं गैर, यावर त्यांचं एकमत झालं. पण कॉफी ही एक वनस्पती आहे, निर्मिलेली प्रत्येक वस्तू मुळात वैध असते, आणि तिच्यापासून शरीराला किंवा बुद्धीला अपाय होतो असं दाखवल्याशिवाय ती हराम म्हणता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणून वैद्य लागले. ती थंड आणि कोरड्या प्रकृतीची, म्हणून अपायकारक, अशी साक्ष दोन वैद्यांनी दिली आणि खाइर बेगने तेवढ्यावर निकाल काढून घेतला. कैरोहून सुलतान कानसूह अल-घौरीचं उत्तर आलं तेव्हा त्यात जोर होता तो मैफलींवर. पेयावर सरसकट बंदी त्याने मान्य केली नाही. पुढच्याच वर्षी खाइर बेगची जागा दुसऱ्याने घेतली आणि मक्का पुन्हा कॉफी पिऊ लागली.

विरोधकांचा युक्तिवाद अगदी पोकळ नव्हता. कॉफीने मनात बदल होतो, मग ती दारूपासून वेगळी कशी, असं ते विचारत. यावरचं उत्तर कैरोच्या एका काझीने १५३०च्या दशकात दिलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. एका प्रवचनकाराने कॉफीविरुद्ध लोक भडकवले, दुकानं फोडली गेली, तेव्हा काझी मुहम्मद इब्न इल्यास यांनी काही लोकांना आपल्यापुढे कॉफी पाजली, मग त्यांच्याशी बराच वेळ बोलून त्यांच्या वागण्यात फरक पडतो का ते पाहिलं. पडला नाही, म्हणून त्यांनी कॉफीला मान्यता दिली. ग्रंथातल्या वचनाला ग्रंथातलं वचन लावण्याऐवजी त्यांनी माणसं तपासली. तरतरी येणं आणि भान जाणं यांतली रेघ अशा निरीक्षणानेच ओढता येत होती.

माझ्या या मांडणीवरचा सर्वात बळकट आक्षेप ऑटोमन इस्तंबूलचा. तिथे हलब आणि दमास्कसच्या दोन व्यापाऱ्यांनी १५५०च्या दशकात कॉफीगृहं उघडली, आणि १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने ती बंद पाडून कॉफी आणि तंबाखूविरुद्ध कठोर शिक्षा दिल्या. ही बंदी नव्हती काय? होती, पण ती राजाज्ञा होती. कॉफीगृहांत शिपाई, कारकून आणि बेकार माणसं एकत्र बसून राज्यकारभारावर बोलत, याची दरबाराला धास्ती होती. धर्मशास्त्राच्या बाजूने, कोळशासारखी करपेपर्यंत भाजलेली वस्तू पिऊ नये असा फतवा पूर्वी निघाला होता. पण शेखुलइस्लाम, म्हणजे साम्राज्याचे प्रमुख मुफ्ती, बोस्तानझादे मेहमेद एफेंदी यांनी १५९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉफीच्या बाजूने मत दिलं, म्हणजे मुरादची बंदी येण्याच्या चाळीस वर्षं आधीच शास्त्रातला वाद मिटला होता. १६५६ मध्ये आपल्या काळातल्या धार्मिक वादांवर ग्रंथ लिहिताना ऑटोमन विद्वान कातिब चेलेबीने कॉफीचं स्वतंत्र प्रकरण केलं. त्यात कॉफी कोणत्या प्रकृतीच्या माणसाला मानवते आणि कुणी ती बेताने घ्यावी, यावर त्याने जे लिहिलं आहे ते वैद्याच्या सल्ल्यासारखं आहे.