ओढीच्या दोराचा भंग आणि वैमानिकाचा निर्णय

ग्लायडर हवेत चढविताना ओढीचा दोर तुटणे ही घटना सामान्यतः अपघातांतच जमा धरली जाते. या विषयाच्या आरंभकाळातील एका प्रसंगाकडे पाहिले असता ही समजूत तपासून घेणे अगत्याचे ठरते.

३० सप्टेंबर १८९९ रोजी इंग्लंडमधील स्टॅनफर्ड हॉल येथे पर्सी पिल्चर याने उड्डाणाचे प्रात्यक्षिक योजिले होते. इंजिन बसविलेले नवे त्रिपंखी यंत्र दाखविण्याचा त्याचा बेत होता. परंतु इंजिन नादुरुस्त झाल्यामुळे ‘हॉक’ हे जुने ग्लायडर घोड्यांकरवी दोराने ओढून चढविण्यात आले. पावसाने ते भिजले होते. आधीच्या प्रयत्नात दोर तुटला आणि पिल्चर सुखरूप उतरला. नंतरच्या प्रयत्नात शेपटीचा सांगाडा मोडून यंत्र कोसळले. २ ऑक्टोबर रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. दोर तुटला तेव्हा माणूस वाचला. दोर टिकला, पण यंत्र तुटले, तेव्हा तो दगावला.

पुढे हेच तत्त्व योजनापूर्वक अंगीकारण्यात आले. ओढीच्या दोरात ठराविक भाराला तुटणारी एक कमजोर कडी घालण्यात येऊ लागली. भार अतिरिक्त झाल्यास पंखाआधी कडी तुटावी, हा तिचा हेतू होय. अशा रीतीने दोराचा भंग हाच संरक्षणाचा उपाय बनला.

मात्र त्यामुळे जबाबदारी वैमानिकावर आली. विंचच्या साहाय्याने ग्लायडर तीव्र चढणीने वर जाते. ओढ अकस्मात थांबली की नाक उंचावलेलेच राहते आणि वेग काही क्षणांत ओसरतो. अशा वेळी घाईने वळण्याचा मोह घातक ठरतो. कारण पुरेशा वेगाअभावी पंखांचे उत्थापन ढासळून यंत्र गिरक्या घेत कोसळू शकते. म्हणून प्रथम नाक खाली करावे, सुरक्षित वेग येईपर्यंत थांबावे, उरलेला दोर सोडावा, आणि मगच समोर उतरावे की वळावे हे ठरवावे, असा क्रम शिकविला जातो. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये विंच-उड्डाणाच्या सुरक्षिततेसाठी विशेष मोहीम हाती घेतली, तीतही याच शिस्तीवर भर होता.

सारांश, दोर केव्हा तुटेल हे वैमानिकाच्या हाती नसते. तुटल्यावर काय करावयाचे, हे मात्र जमीन सोडण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.