लाल ग्रेव्हीचा मालक कोण?

गेल्या शनिवारी मित्र जेवायला येणार होते म्हणून पनीर मखनीचा घाट घातला. टोमॅटो शिजले, काजू वाटून झाले, मसाला जमला. ऐनवेळी क्रीम संपल्याचं लक्षात आलं, म्हणून रटरटत्या ग्रेव्हीत फ्रिजमधलं गार दूध ओतलं. दोन मिनिटांत सगळं फाटलं. आईला फोन केला तर म्हणाली, "अरे, गॅस बंद करून साय घालायची. एवढं इंजिनिअरिंग केलंस ना?"

केलंय खरं! दुधातलं केसीन पीएच ४.६ च्या आसपास गोठतं, टोमॅटोचा पीएचही तिथेच घुटमळतो, वर एवढी आच. म्हणजे मी चक्क पनीरच बनवत होतो. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त नि केसीन कमी, म्हणून ते तग धरतं. असो. पाहुण्यांची पिझ्झ्यावर बोळवण केली आणि रविवारी या ग्रेव्हीच्या इतिहासाच्या मागे लागलो.

पहिला धक्का असा की, जिला आपण अस्सल पंजाबी म्हणतो तिच्यातले टोमॅटो, मिरची आणि काजू तिघंही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांबरोबर इकडे आले. काजू तर ब्राझीलहून सोळाव्या शतकात थेट गोव्यात. मिरचीने पटकन बस्तान बसवलं, टोमॅटोला मात्र वेळ लागला. बंगालीत त्याचं एक नावच 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगं. १८८९ पासून प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज वॉटच्या कोशातही टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी पिकवला जातो, अशी नोंद आहे. आमच्या आजीच्या माहेरी आंबट म्हणजे चिंच नाहीतर आमसूल.

मग ही ग्रेव्ही आली कुठून? पेशावरात 'मोती महल' नावाचं एक खाणावळवजा हॉटेल होतं. कुंदनलाल गुजराल तिथे कामाला होते. १९४७ साली फाळणी झाली आणि ते निर्वासित होऊन दिल्लीला आले. कुंदनलाल जग्गी आणि आणखी एका भागीदारासोबत त्यांनी दर्यागंजमध्ये त्याच नावाने हॉटेल काढलं. तंदुरी चिकन उरलं की कोरडं पडायचं. ते टोमॅटो, लोणी आणि सायीच्या ग्रेव्हीत घोळवलं आणि बटर चिकन झालं, अशी कथा सांगतात. टाकून देणं परवडत नव्हतं, म्हणून सुचलेली युक्ती. आपण तिला 'शाही' म्हणून खातो!

पण युक्ती कोणाची? गुजराल यांचं घराणं म्हणतं, आमच्या आजोबांची, आणि तीही पेशावरपासूनची. जग्गींचं घराणं म्हणतं, आमच्या आजोबांची, दिल्लीतली. जानेवारी २०२४ मध्ये हे भांडण दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं. दाव्याची कागदपत्रं २,७५२ पानांची!

आधी मला हसू आलं. आमच्याकडे कोडची कोणती ओळ कोणी, कधी लिहिली ते एका कमांडमध्ये कळतं, स्वयंपाकघरात तसली सोय नाही. पण मग वाटलं, ज्यांचं घरदार सीमेपलीकडे राहिलं त्यांच्या नातवंडांना आजोबांच्या नावासाठी भांडावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

आमची आजी पुढे टोमॅटोचं सार करायला शिकली. नारळाचं दूध घालायची, कधी फाटलं नाही. शेजारच्या काकूंकडून शिकली की स्वतःच्या डोक्याने, कोणी विचारलंच नाही. ती गेली त्याला चार वर्षं झाली. आईचं सार चांगलं होतं, पण ते तसं होत नाही. आजी नेमकं काय करायची, हे आईलाही सांगता येत नाही.

२,७५२ पानं सोडा, आमच्याकडे एक चिठोरंसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी घरी जाणार आहे. वही घेऊन आईजवळ ओट्यापाशी उभा राहीन. "अंदाजाने घाल" म्हणाली तरी वाटीने मोजून लिहून घेणार, आणि खाली तिचं नाव घालणार.