तरुण कुत्र्याची ‘दादागिरी’

पाच-सहा महिन्यांपर्यंत पायात घुटमळणारे पिल्लू आठव्या महिन्याच्या सुमारास अचानक बदलते. हाक मारली तरी वळून पाहत नाही, पलंगावरून उठवल्यास गुरगुरते, जेवणाच्या भांड्याजवळ कोणाला फिरकू देत नाही. घरातील कर्त्या पुरुषाचे मुकाट ऐकते. आजी आणि मुलांवर मात्र गुरकावते. ‘हा घराचा मालक होऊ पाहतो आहे’ असे समजून काठी उगारली जाते. चूक नेमकी येथेच होते.

समज कोठून आला?

रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. बंदिस्त लांडग्यांमधील संघर्षावरून ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना रूढ झाली आणि ती कुत्र्यांनाही लावली गेली. ती आपल्या १९७० च्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती खोडून काढली. रानातील कळप हे बहुधा आई-वडील आणि त्यांच्या पिल्लांचे कुटुंब असते, हे त्यांनी दाखवून दिले.

कुत्र्याच्या उद्धटपणामागे बहुतेक वेळा वय, भीती, वेदना किंवा वस्तू हिरावली जाण्याची धास्ती असते. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ महिन्यांची कुत्री सांभाळणाऱ्याचे कमी, तर परक्याचे अधिक ऐकत असल्याचे आढळले. वयात येण्याचा हा काळ सहसा सरतो.

माराचा परिणाम

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत, ज्या मालकांनी कुत्र्याला मारले किंवा लाथाडले, त्यांच्यापैकी ४३ टक्के जणांची कुत्री उलट अंगावर आली. जबरदस्तीने उताणे पाडण्याच्या बाबतीत हे प्रमाण ३१ टक्के होते. शिवाय गुरगुरणे ही पूर्वसूचना असते. ती मारून बंद केली, तर कुत्रा सूचना न देताच चावू शकतो.

चामोर्शीसारख्या ठिकाणी

वैनगंगेच्या खोऱ्यातील या जंगलव्याप्त भागात कुत्रा प्रामुख्याने राखणीसाठी पाळला जातो. तो दिवसभर साखळीला आणि रात्री मोकळा असतो. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याची वाट नसते. त्यामुळे डिवचणाऱ्या मुलांवर धावून जाणे एवढेच त्याच्या हाती उरते. ‘अद्दल घडावी’ म्हणून त्याला रात्री अंगणात काढणे तर अधिकच धोक्याचे. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा होता. कुत्र्याच्या मागावर आलेला बिबट्या थेट दारापर्यंत पोहोचतो. म्हणून रात्री कुत्रा बंद पडवीत किंवा घरातच असावा.

काय करावे?

* घरातील सर्वांनी एकच शब्द आणि एकच नियम पाळावा. एकाने पलंगावर घ्यायचे आणि दुसऱ्याने हाकलायचे, हे थांबवावे.
* तोंडातील वस्तू हिसकावू नये. उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवून अदलाबदल करावी.
* तो जेवत असताना भांड्याला हात लावू नये. मुलांना दूर ठेवावे.
* तो ज्यांचे ऐकत नाही, त्यांनीच ‘बस’ म्हणावे आणि बसल्यावर खाऊ द्यावा. चावण्याचा प्रकार घडला असल्यास मात्र हा प्रयोग पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा.
* सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने फिरवावे आणि चावायला हक्काची वस्तू द्यावी.
* लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.

वैद्यकीय बाजू

स्वभावात अचानक बदल झाल्यास कान, दात किंवा सांध्यांचे दुखणे तपासून घ्यावे. नसबंदीने भटकणे कमी होऊ शकते, पण भीतीतून येणारा आक्रमकपणा त्यामुळे जाईलच असे नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळी चुकवू नयेत.

घरचा कुत्रा चावला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. ‘आपलाच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

कुत्र्याला धाक दाखवणारा माणूस नको असतो. रोज एकसारखे वागणारे घर हवे असते. ते मिळाले की दादागिरी हळूहळू ओसरते.