ओरंगी पथदर्शी प्रकल्प

पाकिस्तानातील कराची शहराच्या ओरंगी या वस्तीत रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने व स्वतःच्या देखरेखीखाली भूमिगत गटारे बांधण्याचा उपक्रम. स्थापना १९८०. ‘ओरंगी पायलट प्रोजेक्ट’ (ओपीपी) या नावाने तो जगभर ओळखला जातो.

कराचीच्या वायव्येस ओरंगी १९६५ च्या सुमारास वसू लागली. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर तेथून आलेल्या बिहारी निर्वासितांमुळे ती झपाट्याने वाढली. लोकांनी दलालांकडून जमीन घेऊन घरे उभी केली, पण मैला वाहून नेण्याची सोय कोणीच केली नाही. टोपलीचे संडास किंवा शोषखड्डे असत. शोषखड्डे भरले की घाण गल्लीत येई. सांडपाणी तर उघड्यावरच वाहत असे. मुले सतत आजारी पडत आणि कमाईचा मोठा वाटा औषधांवर जाई.

प्रकल्पाचे संस्थापक अख्तर हमीद खान (१९१४–९९) मूळचे आग्र्याचे. बंगालच्या दुष्काळानंतर त्यांनी ब्रिटिश काळातील भारतीय सनदी सेवेची (आयसीएस) नोकरी सोडली. पुढे पूर्व पाकिस्तानातील कोमिल्ला येथील सहकारी ग्रामविकासाच्या कामामुळे त्यांचे नाव झाले व १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ओरंगीत आल्यावर त्यांनी आधी कोणतीही योजना मांडली नाही. ते वस्तीत फिरले, लोकांशी बोलले आणि गटारे का होत नाहीत याची चार कारणे त्यांनी शोधली : हे काम सरकारने फुकट करून द्यावे ही समजूत, ठेकेदाराचा न परवडणारा दर, तांत्रिक माहितीचा अभाव आणि एकत्र येऊन काम करण्याची सवय नसणे. या चारही अडचणींवर उपाय करणे हेच प्रकल्पाचे काम ठरले. गटारासाठी संस्थेने एक रुपयाही अनुदान दिले नाही.

संघटनेचे एकक वस्ती नव्हे, तर गल्ली. एका गल्लीत साधारण २० ते ४० घरे, सगळी एकमेकांना ओळखणारी. त्यांनी आपल्यातलाच एक गल्लीप्रमुख निवडायचा आणि संस्थेकडे अर्ज करायचा. मग तंत्रज्ञ येऊन जमिनीची पातळी मोजत, नकाशा व खर्चाचा अंदाज तयार करून देत. वर्गणी गोळा करणे, सामान आणणे, खोदाई करणे, गवंडी लावणे ही सगळी कामे गल्लीची. मॅनहोल जागेवरच ओतण्यासाठी लोखंडी साचे संस्था वापरायला देई. प्रत्येक घराच्या संडासाबाहेर एक छोटी हौदी बांधत. गाळ तिच्यात बसे आणि पाणी तेवढे पुढे जाई, त्यामुळे बारीक नळ सहसा तुंबत नसे. ठेकेदाराचा नफा आणि लाच दोन्ही वगळल्याने १९८० च्या दशकात दर घराचा खर्च सुमारे एक हजार रुपयांवर आला. सरकारी दराने हेच काम कित्येक पट महाग पडले असते. कामात चुकाही झाल्या : सुरुवातीच्या काही गटारांचा उतार बिघडला, काँक्रीट नीट मुरले नाही. तेव्हा संस्थेने प्रशिक्षण व देखरेख वाढवली.

स्थापत्यविशारद आरिफ हसन व परवीन रहमान यांच्या सहभागातून या अनुभवाला नीट सूत्र मिळाले. घरातील संडास, गल्लीचे गटार आणि गल्ल्यांना जोडणारे दुय्यम गटार लोकांनी बांधावे. नाल्यांवरील मुख्य वाहिन्या व शुद्धीकरण केंद्रे सरकारने. पहिला भाग ओरंगीतील बहुसंख्य गल्ल्यांनी पुरा केला. दुसरा मात्र रेंगाळला आणि पुष्कळ मैलापाणी प्रक्रियेविनाच नाल्यांत जात राहिले. हे अपयश लोकांच्या माथी मारता येणार नाही. लोकांनी टाकलेल्या गटारांची सरकारदरबारी नोंदच नव्हती. म्हणून संस्थेने तरुणांना हाताशी धरून वस्त्यांचे व नाल्यांचे नकाशे तयार केले. अशा नकाशांमुळेच पुढील सरकारी कामे प्रत्यक्ष वाहत्या गटारांना जोडून आखणे शक्य झाले.

पाण्याचा प्रश्न अधिक बिकट ठरला. गटार वस्तीतल्या वस्तीत बांधता येते; पाणी मात्र दुरून, सार्वजनिक वाहिन्यांतून येते आणि त्या वाहिन्या वाटेतच फोडून टँकरवाले तेच पाणी गरिबांना विकतात. या चोरीच्या जागांची परवीन रहमान यांनी नकाशांसह नोंद केली. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

गरीब लोक स्वच्छतेसाठी पैसे मोजत नाहीत, हा समज ओरंगीने खोटा ठरवला. पण दुय्यम गटारांच्या पुढची जबाबदारी शासनाचीच आहे आणि तिथे लोकवर्गणी हा पर्याय होऊ शकत नाही.