शस्त्राविना हौतात्म्य : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

हौतात्म्य म्हटले की मलकापूरजवळची पावनखिंड आणि १६६० साली धारातीर्थी पडलेले बाजीप्रभू आठवतात. त्याआधी ६३ वर्षे वसईचा एक सुपुत्र दूर जपानमध्ये हुतात्मा झाला होता. तो योद्धा नव्हता, दुभाषी होता.

गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज, आई वसईची. तरुणपणी जेझुइटांसोबत जपानला गेल्याने त्यांना जपानी भाषा अवगत झाली. पुढे व्यापार करून ते मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९३ मध्ये तेथून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ गेले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालोही निघाले.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनऱ्यांमागून स्पेनचे सैन्य येईल, हा संशय बळावला आणि धरपकड झाली. कैद्यांचे कान छाटून त्यांना भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांपैकी २० जपानीच होते.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी गोन्सालोंना संतपद दिले. दोन सत्तांमधील अविश्वासाचे मोल, त्यांच्यात संवाद घडवणाऱ्याने प्राणांनी चुकवले होते.