एनफिल्ड १८५३ रायफल-मस्केटची दुरुस्ती

एनफिल्ड १८५३ रायफल-मस्केट ही .५७७ इंच (सुमारे १४.६६ मिमी) व्यासाची आणि ३९ इंच लांब नळीची ब्रिटिश बनावटीची ठासणीची रायफल आहे. दारू व गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासतात आणि निपलवर बसवलेल्या तांब्याच्या केपवर घोडा आपटून बार काढतात. १८५७ च्या उठावातील काडतूस प्रकरणामुळे हे शस्त्र भारतीय वाचकास नावाने परिचित आहे. मूळ नग आजही संग्राहकांकडे आणि काळ्या दारूच्या नेमबाजी स्पर्धांत आढळतात. त्यांची दुरुस्ती हा मुख्यतः योग्य सुटे भाग ओळखण्याचा प्रश्न आहे.

बार भरलेला असल्याची तपासणी

माळ्यावर वा भिंतीवर वर्षानुवर्षे पडून राहिलेली ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. म्हणून कोणताही पेच सोडवण्यापूर्वी गज नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करतात व तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहतात. टोक निपलच्या जागेच्या बऱ्याच अलीकडे राहिले, तर आत बार किंवा कचरा आहे असे समजतात. अशी नळी तापवणे किंवा निपलमधून तार घालून टोचणे प्राणघातक ठरू शकते. ती जाणकार कारागिराकडेच न्यावी लागते.

भाग परस्परांना न जुळण्याची कारणे

सर्व एनफिल्ड रायफली एकसारख्या असतात, हा समज चुकीचा आहे. एनफिल्ड येथील सरकारी कारखान्यात अमेरिकेहून आणलेली यंत्रे बसवल्यानंतर, १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अदलाबदल करता येतील असे भाग तयार होऊ लागले. लंडन आर्मरी कंपनीचे कामही याच दर्जाचे होते. याउलट बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांनी प्रत्येक बंदुकीचे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवले. अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी विकत घेतलेला बहुतेक माल अशा हाताने जुळवलेल्या प्रकारचा होता. त्यामुळे जुन्या बाजारात मिळणारा अस्सल भागही दुसऱ्या अस्सल बंदुकीत सहज बसेलच असे नाही. अशा बंदुकींच्या पेचांवर व भागांवर कानशीच्या रेघा किंवा रोमन अंक आढळतात. कोणता पेच कोठे बसतो हे त्या खुणा सांगतात, म्हणून सफाई करताना त्या पुसू नयेत.

नळी दस्त्यास धरून ठेवणाऱ्या तीन कड्यांचीही रूपे बदलत गेली. आरंभीच्या कड्या पट्टीकमानीने अडकवलेल्या असत, नंतर पेचाने आवळायच्या कड्या आल्या आणि शेवटच्या प्रकारात बॅडली पद्धतीच्या, पेच आत दडवलेल्या कड्या वापरल्या गेल्या.

चापयंत्रणा व निपल

सर्वांत धोकादायक झीज घोड्याच्या अर्ध्या चढाच्या खाचेत असते. घोडा अर्ध्यावर चढवून चाप दाबल्यास तो सुटता कामा नये. सुटत असल्यास आतील टंबलरची खाच तुटलेली असते किंवा तीत अडकणारे सिअरचे टोक झिजलेले असते. ही खाच कानशीने खोल करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु या भागांचा केवळ पृष्ठभाग कठीण केलेला असतो. तो थर गेला की आतील मऊ धातू थोड्याच बारांत पुन्हा झिजतो. भाग बदलणे किंवा दुरुस्तीनंतर पुन्हा कठीण करून घेणे हेच योग्य. मुख्य कमान शिकंजाने दाबूनच काढावी, पक्कडीने काढल्यास ती सहसा मोडते.

निपलचे छिद्र जळून मोठे झाले की वायू मागे फेकला जातो, घोडा उचलला जातो आणि केपचे तुकडे उडतात. निपल हा स्वस्त भाग आहे, पण आटे पाहिल्याशिवाय तो बसवू नये. मूळ बंदुकीत इंग्लिश आटे असतात, तर इटालियन प्रतिकृतींच्या निपलना बहुधा मेट्रिक आटे असतात. जवळपासच्या मापाचा निपल जबरदस्तीने पिळल्यास नळीच्या बाजूच्या उंचवट्यातील आटे कापले जातात आणि किरकोळ दुरुस्ती महाग होऊन बसते.

नळी

मूळ नळीत तीन खाचा असून त्या ७८ इंचांत एक फेरा घेतात. गजाच्या घर्षणाने तोंडाजवळच्या खाचा आधी झिजतात, तर न धुतलेल्या दारूच्या राखेमुळे मागील भागात गंजाचे खड्डे पडतात. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून खरे माप काढतात. थोडी झीज असल्यास मोठ्या मापाची मिनी गोळी पुरते. खड्डे खोल असल्यास नळी पोखरून आत नवी, खाचा पाडलेली नळी बसवतात.

भारताशी संबंधित नगांत माप घेणे अधिकच आवश्यक असते. उठावानंतर देशी पलटणींना खाचा नसलेल्या बंदुका देण्यात आल्या. त्यांपैकी १८५८ च्या नमुन्यात तीच नळी .६५६ इंचांपर्यंत पोखरल्याने भिंत पातळ राहिली. १८५९ च्या नमुन्यात जाड नळी वापरावी लागली. बाहेरून या बंदुका एनफिल्डसारख्याच दिसतात.

कोणत्याही स्थितीत धूररहित दारू या नळ्यांत वापरता येत नाही.

सुटे भाग मिळण्याचे मार्ग

१८६६ पासून असंख्य एनफिल्ड रायफलींचे स्नायडर पद्धतीत रूपांतर झाले. त्यांत दस्ता, कड्या व चापयंत्रणेचा बराच भाग कायम राहिल्याने मोडक्या स्नायडर हा उपयुक्त स्रोत ठरतो. घोडा मात्र वेगळ्या आकाराचा असतो. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीच्या आणि इटलीच्या पेडरसोली कंपनीच्या प्रतिकृतींचे काही भाग घासून बसवता येतात. २००३ मध्ये काठमांडूच्या शस्त्रागारातून अमेरिकेत गेलेल्या प्रचंड साठ्यामुळेही बाजारात जुने भाग आले, परंतु नेपाळमध्ये हाताने घडवलेल्या नकलांचे भाग इंग्लिश बंदुकीत क्वचितच जुळतात. नवा भाग बसवल्यास जुना जपून ठेवावा, कारण ऐतिहासिक मूल्य त्यातच असते.

कायदा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार व्यवसाय म्हणून बंदुकीची दुरुस्ती करण्यास परवाना लागतो. कोकणात शेतसंरक्षणासाठी बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकांनाही हा नियम लागू आहे. कलम ४५ मधील पुरातन शस्त्रांची सूट केवळ दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्रांपुरती आहे. म्हणजे भिंतीवरील निकामी बंदूक चालती केल्यास ती सूट संपते.